माशी बांधणारा धुळाप्पा

परवा गावातली चार शहाणी माणसं माझ्या दारात येऊन बसली. एकाच्या हातात वही, एकाच्या हातात नारळ. म्हणाली, "शिवकांता आज्जी, धुळाप्पा महाराजांच्या समाधीला फरशी बसवायचं ठरलंय. वर पाटी लावायची हाय. तवा महाराजांचं चरित्र तुमच्या तोंडून पायजे."

महाराज! मला ठसकाच लागला. तांब्याभर पाणी पिले आन् म्हणलं, बसा. चरित्रच पायजे ना? मंग ऐका. मधी मधी हात तेवढे जोडू नका, मला चीड येती.

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून माझी सारी उमर "आवं" आन् "घरधनी" म्हणण्यात गेली. आता तो गेला, मला कुणाची चोरी? धुळाप्पा. घ्या लिवून. माझा नवरा धुळाप्पा, जातीचा वाणी, धंद्यानं काय ते त्याचं त्याला बी कधी कळलं न्हाय.

मी लग्न होऊन लोहाऱ्याहून माकणीत आले तवा निजामाचं राज होतं. चावडीवर कागद उर्दूत, बाजारात बोलणं मराठीत, घरात सासू कानडीत शिव्या द्यायची, आन् धुळाप्पाचा आळस तिन्ही भाषांत सारखाच कळायचा. आधी त्यानं पानाचं दुकान टाकलं. बसल्या बसल्या आर्धी पानं स्वतःच चघळली, उरलेली वाळून गेली. मंग कापडाचं गाठोडं पाठीवर टाकून खेडोपाडी निघाला. पहिल्याच गावात कुत्रं मागं लागलं, तर गाठोडं टाकून पळत घरी आला. मंग म्हणाला, मला मिठाचा धंदा जमंल. तो बी ऐन पावसाळ्यात म्हणाला. घरात गळकं छप्पर, आन् ह्यानं मिठाच्या गोण्या आणून ठेवल्या! मी गवऱ्या थापायची, लोकांचं दळण दळायची, आन् हा पारावर बसून दुसऱ्यांच्या शेतांना नावं ठेवायचा.

भित्रा तर इतका, की विचारू नका. आमच्या आढ्याला एकदा गांधीलमाश्यांनी पोळं केलं. हातभर बी नव्हतं. पण हा बाबा पंधरा दिवस अंगणात झोपला. लहानपणी एकदा कानाला चावली होती म्हणं. शेवटी म्याच पलिता पेटवून ते पोळं जाळलं. तवा हा रस्त्याच्या पलीकडून ओरडत होता, "जरा डावीकडं धर! जरा वर धर!" माश्या बांधणारे तुमचे महाराज ते हेच.

आता माश्यांचं सांगते. तेवढ्यासाठी तर बसलात.

आमचा उकिरडा घराच्या मागं. पाऊसकाळ सरत आला की तिथं शेणाचं काळं पाणी साचायचं. मी तिथंच गवऱ्या थापायची. एके दिवशी मनगटावर माशी येऊन बसली. पिवळे-काळे पट्टे, कंबर बारीक, आवाज गांधीलमाशीचाच. माझे दोन्ही हात शेणानं भरलेले, झटकता यीना. ती ढुंगण वाकवून वाकवून टोचायला लागली. मी दात आवळून बसले. आता आग उठंल, मंग उठंल. कुठलं काय! नुसत्या गुदगुल्या.

मंग म्या तिला चिमटीत धरली आन् नीट पाह्यली. पंख दोनच. गांधीलमाशीला चार असतात, मधमाशीला बी चार. हिचे डोळे एवढाले, की अख्खं डोकं डोळ्यांनीच भरलेलं. मिशा नावापुरत्या. आन् मागं नांगीच न्हाय! नुसतं ढुंगण वाकवून भेव दाखवायचं. साधी माशीच ती, पण अंगावर गांधीलीचं लुगडं नेसून हिंडत होती. चिमण्या तिला टाळायच्या, कोंबड्या टाळायच्या, माणसं तर टाळायचीच.

त्या दिवसापासनं मला नादच लागला. कोथिंबिरीच्या फुलांवर एक सापडली, ती थेट मधमाशीसारखी, पण एकाच जागी हवेत टांगल्यासारखी थांबायची. ती शेणाच्या पाण्यातल्या शेपटीवाल्या अळ्यांतनं निघती हे बी म्या डोळ्यांनी पाह्यलं. भोपळ्याच्या वेलावर एक पतंग धरला, त्याचे पंख काचेसारखे आन् अंगावर गांधीलीचे पट्टे. घराभोवती इतके सोंगाडी हायेत हे मला ठावंच नव्हतं. मी त्यांना सोंगाडीच म्हणायची. कुणाला काय बोलले न्हाय. बाईमाणूस माश्यांचे पंख मोजतंय म्हणल्यावर लोकांनी मलाच मांत्रिकाकडं नेलं असतं.

फक्त धुळाप्पाला दाखवलं. ही माझी पहिली चूक.

आठ दिवस तो जवळ आला न्हाय. नवव्या दिवशी लांबूनच काडीनं तिला ढकलली. दहाव्या दिवशी बोटावर घेतली, आन् डोळे मिटून "मेलो, मेलो" म्हणत उभा राहिला. मेला न्हाय. मंग डोळे उघडले, आन् त्या डोळ्यांत जी चमक आली ती म्या लग्नाच्या दिवशी बी पाह्यली नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याला धंदा सापडला होता, आन् तो बी बायकोनं उकिरड्यात शोधून दिलेला.

लोहाऱ्याच्या बाजारात त्यानं पहिला खेळ केला. कपाळभर भस्म फासलं, गळ्यात रुद्राक्ष घातले. लाकडी डबीतनं माशी काढली. लोक दोन पावलं मागं सरले. ह्यानं ओठातल्या ओठात मंत्र म्हणला. कसला मंत्र? माझ्या सासूची जवसाची चटणी कशी करायची ते कानडीत पुटपुटत होता, एवढ्या हळू, की कानडी माणसाला बी कळू नये. मंग माशी जिभेवर ठेवली. मंग पापणीवर. ती ढुंगण वाकवून टोचती हाय आन् हा हसतो हाय! बायकांनी पदर तोंडाला लावले. एका म्हातारीनं तर पायावर डोकं ठेवलं. गर्दीत माझा धाकटा भाऊ शांतलिंग होता. म्या कडेवर वाढवलेला, तवा आठरा-एकोणीस वर्षांचा झाला आसंल. तो छाती काढून सगळ्यांना सांगत होता, "हे आमचे दाजी! आमच्या अक्काचे मालक!"

त्या दिवसापासनं धुळाप्पा भस्माच्या पुड्या देऊ लागला. ही पुडी अंगाला लावली की माशीची नांगी बांधली जाती, अशी बोली. राख माझ्या चुलीतली. चाळायची मी, जुन्या लुगड्यातनं. पुड्या चावडीतल्या रद्दी कागदाच्या. त्यावरची उर्दू अक्षरं लोकांना वाचता यायची न्हायीत, तवा त्यांना वाटायचं ह्यात बी काय तरी मंतरलेला कलाम हाय. खरं तर कुणाच्या तरी म्हशीच्या चोरीची तक्रार असायची ती. पुडीच्या बदल्यात लोक ज्वारी आणायचे, गूळ आणायचे. आमची कणगी भरली. मला बी सणाला नवं इरकली लुगडं आलं. खोटं कशाला बोलू? नेसले मी ते.

आता तुमी म्हणाल, लोकांना खऱ्या माश्या चावल्या नसतील का? चावल्या की! लई चावल्या. पण धुळाप्पा आळशी होता, मूर्ख नव्हता. त्यानं पथ्यं लावून दिली होती. भस्म आंघोळीशिवाय लावायचं न्हाय. अंगावर चामडं ठेवायचं न्हाय. मनात शंका आणायची न्हाय. कुणी सुजलेलं तोंड घेऊन आलं की हा डोळे मिटून विचारायचा, "आठव. काय चुकलं?" आन् तो गाढव डोकं खाजवून खाजवून काय तरी आठवायचाच. वर धुळाप्पाचीच माफी मागून, आणखी पायलीभर ज्वारी ठेवून जायचा. अशी अख्खी गावं म्या पाह्यली. चावलेल्यानं माफी मागायची आन् चावू देणाऱ्यानं आशीर्वाद द्यायचा!

गावात खरा मधवाला एकच होता, महेबूब. आग्या मोहोळ उतरवावं तर त्यानंच. ओल्या कडुलिंबाचा पाला आन् गवरीचा धूर करायचा, अंगभर घोंगडं लपेटायचा, आन् तरी बी त्याच्या हातातोंडावर चावल्याच्या खुणा असायच्या. धुळाप्पाचं नाव झाल्यापासनं लोक त्यालाच हसायला लागले. म्हणायचे, "महेबूब, घोंगडं कशाला? आमचे धुळाप्पा उघड्या अंगानं काढतील."

एकदा मी उकिरड्यापाशी माश्या धरत होते. महेबूब कुंपणापलीकडून जात होता, तो थांबला. डबीकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. म्हणाला, "भाबी, ये दो परवाली मक्खी हाय. मेरेकू मालूम हाय." म्या डबीवर पदर टाकला. म्हणलं, "मंग सांगणार गावाला?" तो म्हणाला, "नको भाबी. पेट का सवाल हाय. पर किसी का जान नको जाने देव." आन् गेला. धुळाप्पा सोडला तर गावात दोघांनाच खरं ठाऊक होतं, तो आन् मी. त्याचं कुणी ऐकलं नसतं. माझं ऐकलं असतं. हे बी लिवून घ्या.

मंग ती दिवाळी आली. हिंदुस्थानात स्वातंत्र्य येऊन तीन महिने झाले होते, आमच्याकडं अजून निजामच. पाडव्याच्या दिवशी चौकीचा एक जवान गावात आला. पारावर सगळी बसलेली. म्हणाला, "अमीनसाब की वालिदा के आँख का इलाज हाय. हकीमजी बोले, बडे छत्ते का ताजा शहद होना. महेबूब किधर हाय?"

अमीन म्हणजे पोलिसाचा साहेब, वालिदा म्हणजे त्याची आई. त्याचं काम आडवायची कुणाची हिंमत? महेबूबला बोलवायला माणूस उठला बी होता. आन् तेवढ्यात माझा वाघ बोलला! कुणी विचारलं नव्हतं, कुणी नाव घेतलं नव्हतं. पण जवानासमोर दुसऱ्याचं नाव निघालं, ते ह्याच्या पोटात खुपलं. म्हणाला, "मी असताना महेबूब कशाला? जुन्या बारवंतलं आग्या मोहोळ उद्या सकाळी उतरवून देतो. धूर नको, घोंगडं नको." लोकांनी जयजयकार केला. जवान म्हणाला, "ठीक हाय. न्हाय दिलं तर चौकीवर यावं लागंल."

घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो. बारवंतलं मोहोळ म्हणजे सुपाएवढं, काळंभोर, नुसतं वळवळणारं. भिंतीच्या आतल्या अंगाला, खाली पाणी. तिथली एकेक माशी चार पंखांची आन् भरल्या नांगीची. धुळाप्पा जेवला न्हाय. गोधडी अंगावर ओढून घेतली आन् कण्हायला लागला. म्या कपाळाला हात लावून पाह्यला, गार! म्हणलं, "आवं, सरळ सांगा की महेबूबला बोलवा म्हणून." तर म्हणाला, "इज्जत जाईल. जवान मला फोडून काढंल. लोक पुड्या आणून तोंडावर मारतील. मंग खाशील काय?"

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दिवस उगवायला शांतलिंग लोहाऱ्याहून आला, ओवाळून घ्यायला. येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची पोतडी आणली होती. त्याचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतर अक्षता पडायच्या होत्या. दारात हलगी वाजत होती, सारा गाव महाराजांना न्यायला जमलेला, आन् महाराज गोधडीत.

शांतलिंगानं विचारलं, "दाजी, काय झालं?" आन् त्या गोधडीतनं आवाज आला, "ताप चढलाय रं. मंत्र माझा, पण अंग तुझं चालंल. बहिणीच्या हातनं भस्म लावून घे आन् जा. तुला माशी शिवायची न्हाय."

ह्याला लाज न्हाय, शरम न्हाय! सख्ख्या मेव्हण्याला, सणाच्या दिवशी! मी तिथंच उभी होते. माझ्या हातात ओवाळायचं ताट. शांतलिंग पाटावर बसला. म्या निरांजन ओवाळलं. धुळाप्पानं गोधडीतनं हात बाहेर काढून पुडी पुढं केली. आन् म्या ती घेतली. माझ्याच चुलीतली राख म्या माझ्याच हातानं त्याच्या कपाळाला लावली, दंडाला लावली, गालाला लावली. दारात जवान उभा. खरं बोलले तर नवरा चौकीवर जातो. कणगी जाती. गाव थुंकतं. मनाला म्हणलं, पोरगं चपळ हाय, सकाळचा गारवा हाय, माश्या सुस्त असतील. असलं काय काय म्हणलं मनाला.

एवढंच केलं, की खुंटीवरचं घोंगडं काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. गोधडीतनं लगेच आवाज आला, "घोंगडं घेतलं म्हणजे मनात शंका आली. शंका आली की मंत्र पळतो."

शांतलिंगानं माझ्याकडं पाह्यलं. म्हणाला, "अक्का, तू सांग. घेऊ का नको?"

मी गप्प बसले. भरल्या घरात, भावाच्या तोंडासमोर गप्प बसले. तो हसला, घोंगडं परत माझ्या हातात दिलं, म्हणाला, "दाजींचा मंत्र आन् तुझी ओवाळणी. मला कोण चावतंय?" आन् हलगीच्या मागं निघून गेला.

बारव काय लांब न्हाय. आरडाओरडा ऐकू आला तवा मी दारातच उभी होते, घोंगडं तसंच हातात. पळत गेले. सारा गाव उलटा पळत येत होता, जवान सगळ्यांच्या पुढं. कुणी मला आत जाऊ दिलं न्हाय. शांतलिंगानं विळा लावला मात्र, अख्खं मोहोळ त्याच्यावर उठलं. तो पाण्यात पडला. डोकं वर काढलं की माश्या, बुडी मारली की श्वास न्हाय. महेबूब कुठनं आला कुणास ठाऊक. माझ्या हातातलं घोंगडं ओढून घेतलं, पेटत्या पाल्याचा टेंभा घेऊन पायऱ्या उतरला, आन् पोराला खांद्यावर टाकून वर आणला. त्याच्या तोंडाचं तोंड राहिलं नव्हतं. म्या माझ्या भावाला कपड्यांवरनं ओळखलं.

महेबूब तसाच परत खाली गेला आन् मध बी घेऊन आला. घागरभर. मध अमीनाकडं पोचला. चार दिवसांनी अमीनानं शाल धाडली. कुणाला? धुळाप्पाला! मंत्र धुळाप्पाचा, मध धुळाप्पाच्या गावचा, तवा शाल बी धुळाप्पाची. त्याचा ताप तर भाऊबीजेच्या संध्याकाळीच उतरला होता. गरम भाकरी मागून घेतली. ती शाल त्यानं मरेपर्यंत पांघरली. समाधीत बसवताना तुमीच नव्हती का अंगावर घातली?

शांतलिंग जगला. एक डोळा त्याच आठवड्यात गेला, दुसरा शिमग्यापर्यंत. लग्न मोडलं. पोरीच्या बापाला तरी काय नावं ठेवायची? आन् गावानं काय शोधून काढलं, सांगू? म्हणं शांतलिंगाच्या कमरेला चंची होती, तिला चामड्याची वादी होती. ती काढायची राहिली! झालं, गावाचं समाधान झालं. त्या साली पुड्या दुपटीनं गेल्या. मंत्र किती कडक हाय बघा, एवढ्याशा वादीनं डोळे गेले, असं म्हणत लोक रांगा लावायचे. आन् मी? मी राख चाळायची. तोंडानं धुळाप्पाला रोज शिव्या द्यायची आन् हातानं राख चाळायची.

पुढच्या भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. चार दिवसांत निजामाचं राज गेलं. अमीन गेला, जवान गेले, चावडीवरचं उर्दू गेलं. धुळाप्पा तेवढा गेला न्हाय. बाजारात तो आता म्हणायला लागला, "रझाकारांची गोळी बी मीच बांधली होती." लोकांनी ते बी मानलं.

त्या दिवाळीला भाऊ येऊ शकत न्हाय म्हणून मीच लोहाऱ्याला गेले. निघतानाच ठरवलं होतं. वाटंत एका मळ्यात झेंडू फुलला होता, तिथनं एक सोंगाडी धरली, पानात गुंडाळली आन् पदराला गाठ मारली. म्हणलं, आज सांगायचं. नवऱ्यानं मारलं तर मार खायचा, घरात घेतलं न्हाय तर रस्त्यावर बसायचं. पण एवढं पोरगं वर्षभर स्वतःला दोष देत बसलंय, त्याला खरं कळायलाच पायजे.

शांतलिंग भिंतीला टेकून अंबाडीची दोरी वळत होता. हातांना आता बरं जमत होतं. म्या त्याला ओवाळलं. मंग शेजारी बसले आन् सगळं सांगितलं. उकिरडा सांगितला, दोन पंख सांगितले, सासूची चटणी सांगितली. राख कुठली ते सांगितलं. "तुला घोंगडं घे म्हणायचं होतं, म्या तोंड उघडलं न्हाय," हे बी सांगितलं. रडू आवरंना मला. त्यानं दोरी वळायचं थांबवलं न्हाय.

शेवटी म्या पदराची गाठ सोडली. त्याचा हात ओढला, माशी तळहातावर ठेवली आन् त्याची मूठ मिटली. म्हणलं, "हीच ती. तूच बघ."

माशी मुठीत गुणगुणायला लागली. तो आवाज कानावर पडला मात्र, शांतलिंग पांढराफटक पडला. कपाळावर घाम फुटला. अंग कापायला लागलं. म्या म्हणलं, "भिऊ नको, सोड." पण त्यानं मूठ सोडली न्हाय. दात आवळून बसला. मला वाटलं, आता कळंल. आता धुळाप्पाला शिव्या दील, मला दील, आन् मोकळा होईल.

हळूहळू त्याचं कापणं थांबलं. तोंड उजळलं. वर्षभरात त्याच्या तोंडावर असं हसू म्या पाह्यलं नव्हतं.

"अक्का, चावली न्हाय!"

"चावणार कशी रं? नांगीच न्हाय तिला. पंख मोज, पंख."

त्यानं मुठीत बोटं फिरवली. पंख कधीच चुरगळून गेले होते. मान हलवून म्हणाला, "कशाला माझी समजूत काढती? मला वाईट वाटू नये म्हणून नवऱ्यावर आळ घेती व्हय? अगं, गांधील हाय ही. आवाज मी विसरंन का? दाजींचा मंत्र माझ्या अंगात अजून हाय अक्का! मला वाटलं होतं देवानं मला टाकलं. टाकलं न्हाय. त्या दिवशी माझीच चूक झाली होती. दाजींना सांग, माझ्या मनात काय न्हाय. आन् एक नवी पुडी धाडायला सांग. सांगशील ना?"

धुळाप्पाला भित्रा म्हणणारी मी. आढ्याचं पोळं पलित्यानं जाळणारी मी. त्या आंधळ्या तोंडावरचं हसू मला पुसवलं न्हाय का माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटली, ते माझं मलाच आजवर कळलं न्हाय.

"व्हय," म्हणलं, "सांगते."

माकणीत आले, आन् त्याच संध्याकाळी राख चाळायला बसले. पुडी म्याच बांधली.